ऑनलाइन लेखाकर्म: श्रेयांकाआधी वही पाहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या शिक्षण-संकेतस्थळावर ऑनलाइन पूर्ण करून त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) आपल्या महाविद्यालयात वळते करून घेता येतात. आधी ही मर्यादा २० टक्के होती. जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोन सत्रे असतात. शिकणे फुकट, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क. दिवसा दुकानात राबणारी मुले, लग्नानंतर अर्धवट राहिलेली पदवी पुरी करणाऱ्या बायका, जवळपास वाणिज्य महाविद्यालय नसलेल्या गावातले विद्यार्थी, या सगळ्यांची यातून मोठी सोय झाली आहे. वर्गात न बसताही पदवी मिळवता येते हे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून दाखवून दिलेले आहे. तेव्हा ऑनलाइन शिक्षणाला आमचा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

प्रश्न आहे तो एका विषयाचा. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचे वित्तीय लेखाकर्म, म्हणजे रोजकीर्दीपासून (व्यवहार तारखेवार नोंदवण्याची वही) ताळेबंदापर्यंतचा (संपत्ती आणि देणी यांचे पत्रक) भाग, आता अनेक विद्यार्थी व्हिडिओवर शिकतात. हा विषय ऐकून येत नाही. त्याला हात बसावा लागतो, आणि हात वहीतच बसतो. ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या रचनेत व्हिडिओ आहे, वाचायला मजकूर आहे, चर्चेला जागा आहे, स्वाध्याय आहे. स्वाध्यायाचे म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे ३० गुण आणि शेवटच्या परीक्षेचे ७०, अशी साधारण विभागणी असते. पण हे ३० गुण बहुतांश चार पर्यायांच्या प्रश्नांवर दिले जातात आणि विद्यार्थ्याने स्वतः मांडलेले एकही खाते कोणी तपासत नाही. चार पर्यायांतून बरोबर बाजू ओळखणे आणि कोऱ्या पानावर ती बाजू उभी करणे यात किती अंतर आहे, ते एका छोट्या उदाहरणाने दाखवतो. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन सोबत मांडावे, ही विनंती.

एक स्टेशनरीचे दुकान घ्या. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. १ एप्रिलला मालकाने १,००,००० रुपये बँकेत भरून धंदा सुरू केला. २४,००० चे फर्निचर चेकने घेतले. ४०,००० चा माल उधारीने आणला. एप्रिल ते जून असे तीन महिन्यांचे भाडे १२,००० बँकेतून एकदम दिले. महिन्याभरात ३०,००० ची रोख आणि १८,००० ची उधार विक्री झाली. माल देणाऱ्याला २५,००० चा चेक दिला. उधारीच्या गिऱ्हाइकांकडून १०,००० रोख आले. मालकाने घरखर्चाला गल्ल्यातून ५,००० उचलले.

हे नऊ व्यवहार रोजकीर्दीत नोंदवून खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, उतरवले की ३० एप्रिलची तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) अशी येते. नावे (डेबिट) बाजूला बँक ३९,०००, रोकड ३५,०००, फर्निचर २४,०००, खरेदी ४०,०००, ऋणको (उधारीची गिऱ्हाइके) ८,०००, भाडे १२,००० आणि उचल ५,०००. जमा (क्रेडिट) बाजूला भांडवल १,००,०००, विक्री ४८,००० आणि धनको (उधारीने माल देणारा) १५,०००. दोन्हीकडे १,६३,०००.

आता महिनाअखेरच्या चार समायोजना, म्हणजे हिशेब त्या महिन्यापुरता नीट बसवणाऱ्या नोंदी. शिल्लक माल १०,०००. भाड्यातले मे आणि जूनचे ८,००० पूर्वदत्त, म्हणजे आगाऊ दिलेले. एप्रिलचे वीजबिल १,५०० यायचे बाकी, म्हणजे अदत्त. फर्निचरवर वार्षिक १० टक्के घसारा (वापराने किमतीत होणारी घट), महिन्याचा २००. विक्री ४८,००० आणि शिल्लक माल १०,००० मिळून ५८,०००, त्यातून खरेदी ४०,००० वजा केली की ढोबळ नफा १८,०००. त्यातून भाडे ४,०००, वीज १,५०० आणि घसारा २०० गेले, निव्वळ नफा १२,३००. ताळेबंदात भांडवल १,००,००० अधिक नफा १२,३०० वजा उचल ५,००० असे १,०७,३००, धनको १५,०००, अदत्त वीज १,५००, बेरीज १,२३,८००. समोर बँक ३९,०००, रोकड ३५,०००, फर्निचर २३,८००, ऋणको ८,०००, माल १०,०००, पूर्वदत्त भाडे ८,०००. बेरीज तीच.

या उदाहरणातला सगळ्यात मोलाचा प्रश्न असा आहे: सुरुवातीला बँकेत एक लाख होते, महिन्याच्या शेवटी बँक आणि गल्ला मिळून ७४,००० उरले. २६,००० कमी झाले, तरी नफा १२,३०० कसा? ज्याने खाती स्वतः मांडली आहेत तो बोट ठेवून सांगतो. पैसे फर्निचरमध्ये आहेत, मालात आहेत, गिऱ्हाइकांकडे आहेत, पुढच्या दोन महिन्यांच्या भाड्यात आहेत. काही पैसे मालक घरी घेऊन गेला आहे, आणि उलट बाजूने माल देणाऱ्याचे १५,००० व विजेचे १,५०० अजून द्यायचे आहेत. नुसता व्हिडिओ पाहिलेला विद्यार्थी इथे अडतो. त्याला ‘उपार्जन’ (पैसे कधी आले-गेले ते न पाहता उत्पन्न-खर्च ज्या काळाचा त्या काळात धरणे) या संकल्पनेची व्याख्या पाठ असते, पण ती या दुकानात कुठे बसते हे दिसत नाही. वित्तीय लेखाकर्माचा पहिला पेपर शिकवायचा तो याच एका प्रश्नासाठी, असे आमचे ठाम मत आहे.

व्हिडिओ कसा पाहावा, याविषयी थोडे. शिकवणारे पडद्यावर व्यवहार वाचतात आणि पुढच्या दहा सेकंदांत नोंदही दाखवतात. ती बघताना डोके हलते, ‘समजले’ असे वाटते, आणि पुढचा व्यवहार येतो. व्यवहार वाचून झाला की तिथेच व्हिडिओ थांबवावा. वहीत पाच रकाने आखावेत: दिनांक, तपशील, खा. पा. (खातेपान), नावे रक्कम, जमा रक्कम. नोंद लिहावी, खाली स्पष्टीकरणाची ओळ लिहावी, मगच व्हिडिओ पुढे न्यावा. चुकलेली नोंद खोडरबरने पुसू नये. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर नोंद आणि चूक का झाली ते चार शब्दांत लिहावे. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यात कामाला येतात ती हीच पाने. २५ मिनिटांच्या व्हिडिओला या पद्धतीने सव्वा तास लागतो. आठवड्याला दोन तासांचे व्हिडिओ असतील तर वहीसाठी निदान चार-पाच तास वेगळे काढावे लागतात, आणि हे प्रवेश घेतानाच विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. दीडपट वेगाने व्हिडिओ पाहून आठवडा ‘पूर्ण’ झाल्याची हिरवी खूण मिळते, तिच्याने खतावणी येत नाही.

खा. पा. हा रकाना तर ऑनलाइन शिकणारे सर्रास कोरा सोडतात. रोजकीर्दीतली रक्कम खतावणीच्या कोणत्या पानावर गेली, तो क्रमांक तिथे लिहायचा असतो, आणि तो रक्कम उतरवून झाल्यावरच लिहायचा. म्हणजे रकाना कोरा दिसला की ती नोंद उतरवायची राहिली आहे, हे नजरेनेच कळते. तेरीज जुळत नसेल तेव्हा पहिली नजर इथे टाकायची.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची एक खास अडचण आहे, तिच्याकडे व्हिडिओ बनवणाऱ्या कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. ती अडचण ‘जमा’ या शब्दाची. आपण रोज म्हणतो, ‘पैसे बँकेत जमा केले’. मोबाइलवर संदेश येतो, ‘आपल्या खात्यात ५०० रुपये जमा’. मग मूल वहीतही ‘बँक खाते जमा’ असेच लिहिते, आणि नेमके उलटे होते. आपल्या पुस्तकात बँकेत पैसे आले की बँक खाते नावे होते. संदेश किंवा पासबुक ही बँकेच्या पुस्तकाची नक्कल असते. बँकेच्या दृष्टीने आपण तिला पैसे दिले, ती आपले देणे लागते, म्हणून तिच्या पुस्तकात आपले खाते जमा. देणाऱ्याचे खाते जमा, घेणाऱ्याचे खाते नावे, हा नियम दोन्हीकडे एकच आहे. पुस्तक कोणाचे, हे आधी विचारायचे.

ज्यांच्या घरी दुकान आहे आणि आजोबांची लाल कापडी बांधणीची कीर्द ज्यांनी पाहिली आहे, त्यांचा गोंधळ आणखी वेगळा. त्या कीर्दीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असते. कॉलेजच्या पुस्तकात डावीकडे नावे, उजवीकडे जमा. आणि कीर्दीत गिऱ्हाइकाकडून पैसे आले की ते जमा बाजूला लिहितात, तर कॉलेजात रोकड आली की रोकड खाते नावे. यात विसंगती काहीच नाही. कीर्दीत जमेला जे लिहिलेले असते ते गिऱ्हाइकाचे नाव, म्हणजे देणाऱ्याचे खाते. रोकड खात्याचे नाव तिथे लिहीतच नाहीत, कारण ती वहीच मुळी रोकडीची असते. हे पाच मिनिटांत फळ्यावर दाखवता येते, आणि एकदा दाखवले की दुकानदाराचे मूल वर्गात सगळ्यांच्या पुढे जाते. न दाखवल्यास तेच मूल आपल्या घरचे ज्ञान चुकीचे समजून गप्प बसते. मराठीतून शिकवणाऱ्यांनी हा भाग पहिल्याच आठवड्यात घ्यावा, असे आम्हाला कळकळीने वाटते.

तेरीज जुळली नाही की बरेच जण सगळे पुसून पुन्हा सुरू करतात. तसे करण्याची गरज नसते, कारण चूक कुठे आहे ते फरकाची रक्कमच बरेचदा सांगते. वरच्या दुकानात कोणी उचल ५,००० चुकून जमा बाजूला लिहिली, तर नावे बाजू १,५८,००० आणि जमा बाजू १,६८,००० येते. फरक १०,०००. त्याचे अर्धे करा, ५,०००. आता ५,००० ची शिल्लक कुठे आहे ते शोधा. फरकाला ९ ने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्या: ३९,००० ऐवजी ९३,००० लिहिले तर फरक ५४,०००, आणि ५४,००० ला ९ ने भाग जातो. शून्य कमी पडून ३९,००० चे ३,९०० झाले तरी फरक ३५,१००, त्यालाही ९ ने भाग जातो. फरकाइतकीच एखादी रक्कम वहीत सापडली तर ती एकाच बाजूला उतरवली गेली आहे असे समजावे. हे सगळे बघून झाल्यावरच बेरजा पुन्हा कराव्यात, आणि त्या खालून वर कराव्यात. वरून खाली केली की डोळा तीच चूक पुन्हा करतो.

पण तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असेही नाही. समजा, फर्निचरचे २४,००० कोणी खरेदी खात्यात टाकले. तेरीज तरीही १,६३,००० लाच जुळते. आता खरेदी ६४,००० झाली. ढोबळ नफा १८,००० च्या जागी ६,००० तोटा. फर्निचर खातेच नसल्याने घसारा नाही; भाडे आणि वीज मिळून ५,५०० गेले. निव्वळ तोटा ११,५००. एका नोंदीने १२,३०० च्या नफ्याचा ११,५०० चा तोटा झाला, आणि ताळेबंद तरीही जुळतो. भांडवली खर्च (टिकाऊ वस्तूंवरचा) आणि महसुली खर्च (रोजच्या धंद्याचा) यांतला फरक चार पर्यायांच्या प्रश्नात जवळजवळ प्रत्येक जण बरोबर सांगतो. त्या फरकाची किंमत मात्र अशी मांडल्यावरच कळते. संगणकाने दिलेल्या गुणांत ही चूक कुठेच दिसत नाही, वही तपासणाऱ्याला ती पहिल्या नजरेत दिसते.

समायोजनांपाशी सगळ्यात जास्त मुले हात टेकतात. इथे एकच शिस्त पाळायची. तेरजेच्या आत जे आहे ते एकदाच जाते, तेरजेच्या बाहेर खाली दिलेली समायोजना दोनदा जाते. अदत्त वीज १,५०० एकदा नफा-तोटा खात्यात खर्चाला, एकदा ताळेबंदात देण्याला. पूर्वदत्त भाडे एकदा खर्चातून वजा, एकदा संपत्तीत. शिल्लक माल तेरजेखाली दिला असेल तर व्यापार खात्यात (जिथे ढोबळ नफा निघतो) आणि ताळेबंदात. तोच तेरजेच्या आत दिसला तर खरेदीत आधीच समायोजित झालेला असतो, मग फक्त ताळेबंदात. समायोजना वाचतानाच पेन्सिलने शेजारी दोन छोट्या चौकटी काढाव्यात आणि परिणाम दिल्यावर एकेकीत खूण करावी. शेवटी एक चौकट कोरी राहिलेली दिसली की ताळेबंद का जुळत नाही, ते कळते. पूर्वदत्त भाडे संपत्तीत लिहायचे विसरले तर फरक ८,००० चा; संपत्तीऐवजी देण्याच्या बाजूला लिहिले तर १६,००० चा.

बुडीत कर्जात, म्हणजे वसूल न होणाऱ्या उधारीत, क्रम चुकतो. ऋणको ८,०००, नवे बुडीत ५०० आणि संशयित बुडीत कर्जासाठी ५ टक्के तरतूद असे असेल, तर आधी ५०० वजा करून उरलेल्या ७,५०० वर ५ टक्के, म्हणजे ३७५. थेट ८,००० वर ४०० काढणारे खूप असतात, आणि पर्यायांत ४०० हा पर्याय हमखास ठेवलेला असतो.

बँक जुळवणी पत्रक, म्हणजे वही आणि पासबुक यांतल्या शिलकेचा फरक उलगडणारे पत्रक, शिकायला घरातले पासबुक पुरते. आपल्याच दुकानाचे बघा. वहीप्रमाणे बँकेत ३९,०००. पासबुकात ६३,८८२. कारण धनकोला दिलेला २५,००० चा चेक त्याने अजून भरलेला नाही, आणि बँकेने १०० रुपये शुल्क व त्यावर १८ टक्के जीएसटी असे ११८ कापले आहेत. ३९,००० अधिक २५,००० वजा ११८ केले की ६३,८८२. या दोन्हींपैकी आपल्या वहीत नोंद करायची ती फक्त ११८ ची, कारण तो खर्च आपल्याला माहीतच नव्हता. त्या नोंदीनंतर नफा १२,१८२ होतो. चेकची नोंद आपण दिला त्याच दिवशी केली आहे, तो दोन-चार दिवसांत वटेल आणि फरक आपोआप जाईल. विद्यार्थी चेकची नोंद उलटवून ठेवतात आणि महिनाभराने दोन चुका एकमेकींवर चढतात. जुळवणी पत्रक हे खाते नाही, ते एक विवरण आहे, हे वाक्य पाठ करण्यापेक्षा असे एक पत्रक मांडून पाहावे.

इंग्रजी चांगले असलेली मुले परदेशी विद्यापीठांचे मोफत अभ्यासक्रमही जोडीला बघतात. बघावेत, काही फार उत्तम आहेत. पण ते अमेरिकेच्या पद्धतीवर बेतलेले असतात, याचे भान ठेवावे. तिथल्या ताळेबंदात संपत्ती आधी आणि तीही रोकडीपासून सुरू होते. आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट तीनप्रमाणे आधी भागभांडवल व देणी आणि मग संपत्ती, तीही स्थिर संपत्तीपासून. ‘शेवटी आलेला माल आधी गेला’ ही मालाच्या मूल्यांकनाची पद्धत तिथे चालते, आपल्या लेखा मानक २ मध्ये तिला जागा नाही. तिथल्या उदाहरणांत वर्ष बहुधा ३१ डिसेंबरला संपते, आपले ३१ मार्चला. १ ऑक्टोबरला वर्षाचा विमा १२,००० भरला, तर तिथे पहिल्या वर्षाचा खर्च ३,००० आणि आपल्याकडे ६,०००. आकडे लिहितानासुद्धा १००,००० असा स्वल्पविराम वहीत उतरतो आणि मग लाखाच्या रकान्यात गडबड होते. घसाऱ्याची आणखी एक गल्लत खास आपल्याकडची आहे. आयकराच्या हिशेबात वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या नव्या मालमत्तेवर निम्म्या दराने घसारा धरतात. तो नियम विद्यार्थी पुस्तकी हिशेबातही लावतात, तिथे गणितात वेगळे सांगितले नसेल तर जितके महिने वापर तितक्या महिन्यांचा घसारा धरायचा असतो.

टॅली या हिशेबाच्या संगणकप्रणालीबद्दलही बोलले पाहिजे, कारण पालक सर्रास विचारतात, ‘सगळे संगणकावर होते तर वही कशाला?’ टॅलीत एफ ४ ने कॉन्ट्रा, एफ ५ ने पेमेंट, एफ ६ ने रिसीट, एफ ७ ने जर्नल, एफ ८ ने सेल्स आणि एफ ९ ने पर्चेस व्हाउचर उघडते, हे एका दुपारी शिकता येते. पण नवे खाते उघडताना ते कोणत्या गटात टाकायचे, हे टॅली आपल्यालाच विचारते. फर्निचर अप्रत्यक्ष खर्चाच्या गटात टाकले तर ती निमूटपणे तसाच ताळेबंद काढून देते, आणि तो जुळलेला असतो. जीएसटीचेही तसेच. १०,००० चा माल १८ टक्के करासह ११,८०० ला उधारीने आला आणि दुकान नोंदणीकृत असेल, तर खरेदी १०,०००, केंद्रीय कराची वळती मिळणारी रक्कम ९०० आणि राज्य कराची ९०० या तीन नोंदी नावे, आणि धनको ११,८०० जमा. सगळे ११,८०० खरेदीत टाकले तर मालाची किंमत फुगते आणि वळता मिळणारा १,८०० चा कर हिशेबात हरवतो. नोकरीच्या ठिकाणी पहिल्या महिन्यात नव्या मुलांच्या हातून होणाऱ्या चुका याच प्रकारच्या असतात, आणि त्यांचे मूळ बटणांच्या अज्ञानात नसते.

म्हणून महाविद्यालयांना आमची विनंती आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी नेमलेल्या समन्वयक शिक्षकाने विद्यार्थ्याची नोंदणी आणि प्रमाणपत्र एवढेच पाहू नये, दर पंधरवड्याला त्याची वही पाहावी. सत्रात निदान तीन पूर्ण संच हाताने लिहून घ्यावेत: रोजकीर्द, खतावणी, तेरीज, अंतिम खाती. ज्या महाविद्यालयांचा स्वतःचा ऑनलाइन वर्ग आहे आणि अंतर्गत गुण त्यांच्या हातात आहेत, त्यांनी ३० पैकी निम्मे गुण या वहीला द्यावेत.

यावर ‘मुले एकमेकांचे उतरवून काढतील’ अशी शंका येईल. ती रास्त आहे आणि तिला सोपा उपाय आहे. वरच्याच दुकानात प्रत्येकाने भांडवलात आपला हजेरी क्रमांक गुणिले १,००० आणि उधार विक्रीत हजेरी क्रमांक गुणिले १०० इतकी रक्कम मिळवायची, बाकी सगळे तसेच. हजेरी क्रमांक ३७ असेल तर भांडवल १,३७,०००, उधार विक्री २१,७००, निव्वळ नफा १६,००० आणि ताळेबंदाची बेरीज १,६४,५००. शिक्षकाला प्रत्येकाचे उत्तर वेगळे काढत बसावे लागत नाही: १,२३,८०० मध्ये हजेरी क्रमांक गुणिले १,१०० मिळवले की बेरीज हाती येते. साठ वह्यांच्या बेरजा अर्ध्या तासात बघून होतात. मग वहीतल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवून विचारायचे, ‘हे ८,००० इथे का आले?’ ज्याने स्वतः मांडले आहे त्याला दोन वाक्ये लागतात. फोनवर हा प्रश्न विचारला तरी चालतो. दूरच्या गावातल्या विद्यार्थ्याला त्यासाठी एसटीने यायची गरज नाही, वहीचा फोटो पाठवला तरी पुरे.

अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांनी आपल्या मराठी मजकुरात शब्दांची शिस्त पाळावी, हेही आवर्जून मांडतो. एका व्हिडिओत ‘तेरीज’, दुसऱ्यात ‘परीक्षा सूची’, स्वाध्यायात ‘ट्रायल बॅलन्स’ असे असले की विद्यार्थ्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. अकरावी-बारावीच्या पुस्तपालनाच्या पाठ्यपुस्तकात जे शब्द आहेत तेच पुढे चालवावेत आणि प्रत्येक शब्दाशेजारी व्यवहारातला इंग्रजी शब्द देवनागरीत द्यावा. उद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात ‘डेटर्सची लिस्ट काढ’ असे सांगितले जाणार आहे. ऋणको म्हणजेच डेटर्स हे तिथे अडखळत कळण्यापेक्षा पहिल्या सत्रात कळलेले बरे.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणे. आपल्या शिक्षणविषयक पानावर सत्र चालू असताना दर आठवड्याला एका छोट्या धंद्याचे दहा व्यवहार आणि चार समायोजना छापाव्यात: एकदा किराणा दुकान, एकदा दूध संकलन, एकदा शिलाईकाम, एकदा रसवंतीगृह. पुढच्या आठवड्यात तेरजेची आणि ताळेबंदाची फक्त बेरीज द्यावी, पूर्ण उत्तर देऊ नये. बेरीज जुळली नाही की मुलगा स्वतः चूक शोधायला बसेल. चौकोनी चार इंचांची जागा त्याला पुरते, आणि व्यवहारांचे संच विनामोबदला लिहून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
वाणिज्य शाखेत लेखाकर्म शिकवणारे काही शिक्षक